बारीक आणि खोल

“मिठाच्या जमिनीत चालेल का हो हे?” ह्यांनी विचारलं आणि मला भर दुकानात हसू फुटलं.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतलं ते एवढंसं दुकान. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. भिंतीवर वायरींची भेंडोळी टांगलेली आणि काउंटरवर तीन मेटल डिटेक्टर आडवे मांडलेले. जमिनीतलं सोनंनाणं हुडकायची यंत्रं. तेवढ्यासाठी आम्ही दोघं सांगलीकडून पहाटेच्या एसटीनं आलो होतो. हे पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, माझे दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि निघालो होतो गुप्तधन शोधायला.

“समुद्रावर जाणार का काका?” दुकानदारानं विचारलं. तांबोळी त्याचं नाव. चाळिशीचा, बोलका, गिऱ्हाइकाला आधी चहा पाजणारा.

“कसला समुद्र!” मीच म्हटलं. “आमच्याकडं कृष्णा आहे. तिच्यात कोण मीठ टाकतंय?”

हे हसले नाहीत. “मीठ घातलेली जमीन असली तर, असं विचारतोय.”

“खारट मातीत मशीन वेड्यासारखं वाजत बसतं,” तांबोळी म्हणाला. “पण मीठ पावसापाण्यानं धुऊन जातं. किती जुनं आहे?”

“जुनं आहे,” हे म्हणाले. “खूप जुनं.”

मी फारसं मनावर घेतलं नाही. वस्तू घेताना खोदून खोदून विचारायची ह्यांची सवयच होती. साधा प्रेशर कुकर घेताना ह्यांनी भांडेवाल्याला घाम फोडला होता, शिट्टीचं वजन किती म्हणून.

खरं सांगायचं तर यंत्र कुठलं का असेना, मला त्याचं काही नव्हतं. मला माझा माणूस परत हवा होता. संक्रांत झाल्यापासून ह्यांचं बोलणंच आटलं होतं. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर ‘हं’ म्हणायचे. सकाळी नदीकडं फिरायला जायचे ते दुपार टळली तरी परत यायचे नाहीत. मी आपली दारात उभी, आणि मनात नाही नाही ते. मुलगा बंगळूरहून फोनवर सांगायचा, “आई, बाबांना काहीतरी छंद लाव.” छंद लावायला तो काय जाईचा वेल आहे, मांडवावर चढवला की झालं?

आणि एक दिवस हे आपणहून म्हणाले, “मेटल डिटेक्टर घ्यावा म्हणतो. लोक गावातून हिंडतात, जुनी नाणी सापडतात त्यांना. तेवढाच वेळ जाईल.”

“घ्या की,” मी म्हटलं. “हौसेला मोल नसतं. मोहरांचा हंडा लागला तर मला पाटल्या करा. आणि राखणीला नाग असला तर त्याच्याशी तुम्हीच बोला, नाहीतरी माझ्याशी बोलत नाहीच.”

त्यावर हे कितीतरी दिवसांनी जरासे हसले. त्या हसण्याच्या भरवशावर मी पुण्यापर्यंत आले होते.

तांबोळीनं पहिलं यंत्र उचललं. पिवळंधमक, हलकं. “हे नवशिक्यांसाठी. नाणी, चाव्या, अंगठ्या, सगळं दाखवतं. पण खिळा काय आणि सोनं काय, आवाज एकच.” दुसऱ्याची थाळी परातीएवढी होती. “हे खोल जातं. हंडा असला, तोफगोळा असला तर हात-दीड हात खालीसुद्धा कळतं. पण बारीकसारीक वस्तू सोडून देतं.” तिसऱ्याला लहानसा पडदा होता, कानाला लावायला हेडफोन होते. “ह्याची थाळी लहान. लोखंड घोगरं वाजतं, चांदी एकदम बारीक किणकिणते. चुकत नाही. पण वीतभर, फार तर दीड वीत. त्याखाली नाही. आणि काका, किल्ल्याबिल्ल्याच्या जवळ नेऊ नका हं. पुरातत्त्ववाले धरतील, वर मशीनही जाईल.”

“किल्ल्यावर नाही जायचं,” हे म्हणाले. “मला बारीक आणि खोल, दोन्ही पाहिजे.”

“ते एका मशीनमध्ये नाही होत.”

“वस्तू लहान आहे. आणि गुडघाभर खाली आहे. म्हणजे होती. वरची माती पुरानं किती नेली असेल, ते सांगता येत नाही.”

“बारीक आणि खोल म्हटल्यावर देवालाच सांगा मग,” तांबोळी हसत म्हणाला. मीही हसले. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, ह्यांना नाणी शोधायचीच नाहीत. ह्यांना काहीतरी एकच शोधायचंय.

तांबोळीच्याही ते ध्यानात आलं असावं. काउंटरखालून त्यानं वाळूनं भरलेली लाकडी पेटी काढली. “जे शोधायचंय तसलं काही जवळ आहे का? असलं तर वाळूत पुरून बघू. कुठलं मशीन किती खालून धरतं, तुम्हीच बघा.”

ह्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, काउंटरवर ठेवला आणि एकेक घडी उलगडली. आत चांदीचा वाळा होता. तान्ह्या मुलाच्या पायातला. तीन घुंगरांचा, माझी दोन बोटं बसतील न बसतील एवढा.

माझा हात काउंटरवर होता, तो तिथंच राहिला. तो वाळा माझा होता. माहेरून आणलेल्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत मी तो ठेवला होता आणि घरात तो आहे हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, असं मी तीसेक वर्षं धरून चालले होते.

तांबोळीनं एकदा वाळ्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. मग त्यानं वाळा वाळूत पुरला आणि तिन्ही यंत्रं एकामागून एक वरून फिरवली. पिवळ्यानं दोन बोटांवर हाय खाल्ली. परातवाल्यानं हूं की चूं केलं नाही. तिसरं मात्र वाजलं. आणखी खाली पुरला, तरी वाजलं. पेटीच्या तळाला टेकवला, तेव्हासुद्धा अगदी बारीक, लांबून आल्यासारखं किणकिणलं.

“हेच द्या,” मी म्हटलं.

परतीच्या एसटीत यंत्राचं खोकं आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर आडवं होतं. कात्रजचा बोगदा मागं पडल्यावर मीच विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून. तिच्या तिथीला तू शालू उन्हात घालायचीस. कसर लागलेली नसताना.”

“आणि बोलला नाहीत?”

“तू तरी कुठं बोललीस?”

आमची पहिली मुलगी. महिना भरायच्या आत तापानं गेली. मी अजून बाळंतिणीच्या खोलीतच होते. नंतर मुलगा झाला, मोठा झाला, त्यालाही आम्ही कधी सांगितलं नाही. तिचं नाव आमच्या घरात बारशाच्या दिवशी घेतलं तेवढंच. पुढं कुणी घेतलं नाही, आणि न घेण्याचीच सवय झाली.

आमच्याकडं एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मीठ घालून. अंगावरचं सगळं काढून घेतात, अगदी मनगटातला काळा दोरासुद्धा. काही राहिलं तर जीव मागं घुटमळतो म्हणतात. सासूबाईंनी तिला शेवटची आंघोळ घालताना एक वाळा काढून तबकात ठेवला, तो मी उचलला आणि मुठीत धरून बसले. दुसरा निघत नव्हता. हे म्हणाले, “मी काढतो तिथं गेल्यावर.” बायका जात नाहीत. मामंजी, हे आणि शेजारचे एक, एवढेच गेले. परत आले तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, “अंगावर काही राहिलं नाही ना रे?”

“काही नाही,” हे म्हणाले. ते मी आतून ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी देवघरात चांदीचं नवं निरांजन आलं. मी काय समजायचं ते समजले. दुसरा वाळा त्यात आटवला म्हणून सासूबाई जाईपर्यंत मी त्यांना पाण्यात बघत आले. त्या निरांजनात वात घालताना माझं मन कधी देवापाशी नव्हतंच.

“आईनं नाही आटवला,” हे म्हणाले. “मी काढलाच नव्हता.”

मी खोक्याची कड घट्ट धरली.

“खड्डा मीच काढला. खाली मुरूम लागला, पहार लागेना, गुडघाभरच झाला. बाबा म्हणाले, वाळा काढ. मी हात घातला. पाय एवढासा होता गं. वाटलं, असू दे एका पायात. कुठं चालायला लागली तर वाजेल तरी. कुणाला तरी कळेल, ही इथं आहे म्हणून.” ह्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. “बाबांना म्हटलं, काढला. आईलाही तेच सांगितलं.”

आणि सासूबाईंना जन्मभर वाटत असणार, मुलानं काढलेला वाळाही बायकोलाच दिला, दोन्ही वाळे सुनेकडंच आहेत. त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नाही. मी त्या एसटीत तोंडात पदर कोंबून रडले. मुलीसाठी रडले, आणि सासूबाईंसाठीही.

मग ह्यांनी उरलेलं सांगितलं. नदीकाठची ती जागा, आमच्या गावात तिला तान्ह्यांचा मळा म्हणतात, तिथं बाग व्हायची होती. संक्रांतीच्या सुमाराला पेपरात आलं होतं. पाडव्यानंतर जेसीबी लागणार होता. हे रोज सकाळी जायचे ते तिथंच. खुणेचं लिंबाचं झाड पुरात गेलेलं, जमीन सपाट, काही उमगत नव्हतं.

“जेसीबीच्या दातात जायला नको ती,” हे म्हणाले. “वाळा सापडला की तिथली ओंजळभर माती आणि तो, दोन्ही कृष्णेत सोडू. मी सगळा विचार केलाय. तिथं दुसरं चांदीचं काही असायचं कारणच नाही. सगळेच काढून घेतात. चांदीचा पहिला जो आवाज येईल, ती आपली.”

दोन दिवसांनी, सकाळी उजाडल्यावर आम्ही मळ्यात गेलो. बायकांनी जायचं नसतं हे मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत होतं. हे दाराला कडी लावत म्हणाले, “छत्री घे, ऊन लागेल,” आणि तो विषय तेवढ्यावरच मिटला.

पाचोळा, बाभळीची रोपटी, आणि मधूनमधून उघडी जमीन. ह्यांनी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणून पट्टे आखले. ओव्हरसियरचा जन्म, कालवा आखावा तसं आखत होते. कानाला हेडफोन लावायला घेतले, मग काढून ठेवले. “दोघांना ऐकू येऊ दे,” म्हणाले.

पहिल्या पट्ट्यात यंत्र दोनदा घोगरलं. एक खिळा, एक बाटलीचं बूच. दुसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर ते किणकिणलं. दुकानातल्या वाळूत किणकिणलं होतं, तसंच.

हे गुडघ्यावर बसले. खुरपं मी आणलं होतं, पण ह्यांनी हातानंच माती काढली. हाड नाही, कापडाची चिंधी नाही, नुसती काळी माती. आणि तिच्यात एकच चपटं झालेलं घुंगरू, करगोट्यात ओवतात तसलं.

“करगोटा बांधलाच नव्हता आपण तिला,” मी म्हटलं.

“नव्हता.” ह्यांनी ते घुंगरू तळहातावर धरून बराच वेळ बघितलं. “कुणाचं तरी चुकून राहिलं असेल.” परत जागच्या जागी ठेवलं, माती लोटली, वरून तळवा फिरवला.

हातभर पुढं यंत्र पुन्हा वाजलं. ह्यांनी माती काढली. वाळा होता! ह्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि मला दिला. पिळाचा होता, बिनघुंगरांचा. आमचा नव्हता, होता तिथं परत ठेवला. तिसऱ्या आवाजाला काळा पडलेला चांदीचा रुपया निघाला, कुणीतरी मुठीत दिला असणार; तोही परत ठेवला. चौथ्याला हे खाली बसले, पण हात मातीला लावला नाही. बसूनच त्यांनी यंत्र डावीकडं नेलं, वाजलं. उजवीकडं नेलं, जरा थांबून वाजलं. उठून चार पावलं पुढं गेले, तिथंही वाजलं.

हे माझ्याकडं वळून बघत राहिले.

“सगळ्यांनीच,” हे म्हणाले. “अगं, सगळ्यांनीच ठेवलंय.”

गावातल्या कितीतरी बापांनी तिथं खड्डे काढले होते. काढतो म्हणून सांगितलं होतं, घरी जाऊन काही राहिलं नाही म्हणाले होते. आणि जो तो समजत होता, हे पाप आपणच केलंय. ह्यांच्यासारखाच जो तो तोंड मिटून म्हातारा झाला होता.

“आता कसं कळायचं गं, आपली कुठली?” हे म्हणाले आणि मटकन खाली बसले. साठी उलटलेला माणूस, हातात ते यंत्र धरून पोरासारखा रडायला लागला. ती गेली तेव्हासुद्धा मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी जवळ बसले. पाठीवर हात ठेवायचं सुचलं नाही, नुसती खेटून बसले.

“खणू या सगळं,” मी म्हटलं. “आपल्याला तीन घुंगरांचा हवाय. बाकीचे परत ठेवू.”

ह्यांनी मान हलवली. “दुसऱ्याच्या लेकरांना उठवायचं नाही.”

ऊन चढायला लागलं. पलीकडं घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. हे बऱ्याच वेळानं उठले, सुतळी सरळ केली आणि यंत्र घेऊन पुन्हा पहिल्या पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

“आता काय करताय?”

“नुसतं ऐकतो. एकदा सगळा मळा ऐकून घेतो. ह्यातला एक आवाज तिचा असेलच की.”

हे हळूहळू चालायला लागले, मी मागून. यंत्र किणकिणलं की हे क्षणभर थांबायचे. चार-पाच वेळा असंच झालं. पुढच्या आवाजाला माझ्या तोंडून आपसूक निघालं, “केतकी.”

बारशाला आत्याबाईंनी तिच्या कानात सांगितलं होतं ते नाव. हे वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलले. पुढचा आवाज आला तेव्हा हे म्हणाले, “केतकी.” मग जिथं जिथं वाजलं तिथं तिथं आम्ही हाक मारत गेलो, कधी मी, कधी हे, कधी दोघं. लोकांच्या मुलांनाही आमच्या मुलीच्या नावानं हाका मारल्या. त्यांना चालेल असं वाटलं. मळा संपला तेव्हा माझा घसा बसला होता.

घरी आल्यावर मी देवघरातलं ते निरांजन राखेनं घासलं, वात घातली आणि सासूबाईंच्या फोटोपुढं लावलं. वाळा शालूत परत ठेवला नाही. तो देव्हाऱ्यात ठेवला, उघड्यावर. यंत्र माळ्यावर गेलं, ते पुन्हा कधी खाली आलं नाही.

पाडव्यानंतर जेसीबी आला. आम्ही दोघं त्या दिवशी घराबाहेर पडलो नाही. आता तिथं हिरवळ आहे, झोपाळे आहेत, संध्याकाळी पोरांचा कालवा असतो. हे रोज जाऊन बाकावर बसायचे. मला वाटलं होतं ह्यांना ते बघवणार नाही, पण परत आले की मला सांगायचे, आज एक बारकी पोरगी घसरगुंडीवरून उलटी चढत होती, आईचं ऐकेना. हे पुन्हा बोलायला लागले होते. केतकीबद्दलही बोलायचे. आज असती तर केवढी असती, कुणावर गेली असती, ह्यावरून आमची भांडणंसुद्धा व्हायची. माझा माणूस मला परत मिळाला होता. सात वर्षं मिळाला.

गेल्या माघात हे झोपेतच गेले. मुलगा बंगळूरहून येईपर्यंत दुपार झाली. पुरुषमंडळी अंगणात तयारी करत होती. भालचंद्र भावजी, ह्यांचे धाकटे भाऊ, आत येऊन ह्यांच्या बोटातली अंगठी, गळ्यातली साखळी, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या ओंजळीत देऊन गेले. रीतच आहे तशी. खोलीत मी एकटी उरले, तेव्हा देव्हाऱ्यातून वाळा आणला. ह्यांचा उजवा हात गार पडला होता, बोटं वळत नव्हती. मी ती एकेक करून वळवली, वाळ्यावर मूठ मिटवली आणि वरून शाल ओढली. ओढताना घुंगरू एकदा वाजलं.

उचलायच्या आधी भावजी दारात आले. “वहिनी, अंगावर काही राहिलं नाही ना?”

“काही नाही,” मी म्हणाले.